नाव नसलेली झाडं

फार पूर्वी, किनाऱ्यावरचे किल्ले अजून बांधून व्हायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं गाव होतं, आणि गावाच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, कांदळाचं दाट वन होतं. ही झाडं चिखलात पाय रोवून लाटा अंगावर घेत, आणि त्यांच्या मुळांच्या आडोशाला कोळंबी नि चिंबोऱ्या वाढत.

त्या गावाची एक रीत होती. बाळाचं बारसं झालं की आई कांदळाची एक शेंग चिखलात खोचायची आणि तिच्यातून उगवणाऱ्या झाडाला बाळाचंच नाव द्यायची. त्यामुळे वनातल्या प्रत्येक झाडाला नाव होतं. म्हातारी माणसं झाडांना नावाने हाका मारत, कधी त्यांच्यावर रागावतही. वनावर संकट आलं की गावात शंख वाजे, आणि हातातलं काम टाकून घरटी एक माणूस धावत सुटे. कोणाला बोलवावं लागत नसे. ज्याचं त्याचं झाड होतं ना तिथे!

पुढे तिथल्या राजाला किल्ला बांधायची हौस आली. किल्ल्याला चुना लागतो आणि चुन्याच्या भट्टीला सरपण लागतं. राजाच्या माणसांनी अख्खं वन तोडून नेलं. गावकरी रडले, भांडले, पण राजापुढे कोणाचं काय चालणार? वन गेलं तशी मासळीही गेली. भरतीचं पाणी लोकांच्या अंगणात येऊ लागलं.

राजा मेला आणि त्याची लेक गादीवर बसली. ही राणी मनाची फार चांगली होती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला बोल लावाल. बापाने केलेलं तिला खुपत होतं. तिने माळी बोलावले, मजूर आणले आणि खाडीच्या तोंडाशी पुन्हा कांदळ लावायला घेतलं. रोपांना धक्का लागू नये म्हणून भोवती कुंपण घातलं आणि पहारेकरी ठेवले.

त्याच दिवसांत गावचा पुढारी, ज्याला सगळे नाखवा म्हणत, त्याला नात झाली. तिचं नाव ठेवलं पोवळी. बारसं झाल्यावर पोवळीची आई शेंग घेऊन वनाकडे निघाली. बरोबर नाखवाही होता. पहारेकऱ्याने दोघांना कुंपणापाशी अडवलं. राणी काम पाहायला आली होती, ती पुढे झाली.

"राणीसायब," नाखवा म्हणाला, "एकच शेंग हाय, आमच्या पोरीच्या नावाची. आणि तुम्ही म्हणाल तर झाडं लावायला सगळा गाव येईल."

राणी हसली. "नाखवा, तुम्ही लोकांनी फार सोसलंय. आता तुम्ही बसा. झाडं मी लावून देते. तुम्ही चिखलात कशाला उतरताय? शिवाय चुकून पाय पडला तर रोपं मोडायची."

किती मायेने म्हणाली! पण पोवळीच्या आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. घरी येऊन तिने ती छपराच्या वळचणीला खोचून ठेवली. तिथेच ती वाळली.

वर्षं गेली. वन वाढलं. माळी कामाला चोख होते, त्यांना उगाच नावं ठेवायला नकोत. मासळीही हळूहळू परतली. गावाने ती खाल्ली, पण वनाकडे मान वळवून कोणी पाहिलं नाही. "राणीची झाडं," एवढंच म्हणत.

मग एका पावसाळ्यात समुद्राने वाळूचा ढीग आणून टाकला आणि वनात जाणारी पाण्याची वाट बुजली. आतलं पाणी बाहेर जाईना, बाहेरचं आत येईना. साचल्या पाण्यात कांदळाची मुळं गुदमरतात. सगळं गाव फावडी घेऊन उतरलं असतं तर वाट मोकळी झाली असती. पहारेकरी मूठभर, ते उपसायचे तेवढी वाळू पुन्हा घसरायची. शेवटी त्यांनी गावच्या देवळातला शंख आणला आणि फुंकला.

नाखवा अंगणात जाळं विणत होता. शंख ऐकताच तो सवयीने उठला. फावड्याला हात घातला. एवढ्यात पोवळी धावत आली.

"आजा, शंख वाजतोय! आपलं झाड कुठलं? मी पण येते!"

नाखव्याची नजर वळचणीकडे गेली. तिथे ती वाळकी शेंग होती. त्याने फावडं ठेवलं.

"तिथं आपलं एक पण झाड नाय," तो म्हणाला. "राणीची हायत, राणी बघंल. तू बस गप."

नाखवा गेला नाही, म्हणून गावही गेलं नाही. शंख बराच वेळ वाजला आणि मग थांबला. राणीला निरोप पोचून माणसं येईपर्यंत पानं पिवळी पडली होती. सगळं वन उभ्याउभ्या मेलं.

पुढच्याच वर्षी तुफान आलं. वाळकी खोडं पहिल्या लाटांतच मोडून वाहून गेली, आणि समुद्र सरळ गावात शिरला. माणसं टेकडीकडे धावली. जवळजवळ सगळी पोचली. पोवळी पोचली नाही.

पाणी ओसरल्यावर राणी आली. जिथे गाव होतं तिथे चिखल होता, आणि चिखलात नाखवा बसला होता.

"नाखवा, वाट बुजलेली तुम्हाला दिसत होती," राणी म्हणाली. "माझ्या माणसांनी हाक मारली होती. का नाही आलात?"

"तुम्ही आम्हाला कुंपणाबाहेर ठेवलंत, ते खरं," नाखवा म्हणाला. "पण शंख मी ऐकला होता, राणीसायब. पोरगी येते म्हणत होती. मीच तिला बसवली."

राणी त्याच्याशेजारी चिखलात बसली. "आणि तुम्हाला मी बसवलं होतं," ती म्हणाली.

कुंपणाचं जे काही उरलं होतं ते राणीने उपटून टाकलं. ओहोटीला राणी, माळी आणि सगळा गाव एकत्र चिखलात उतरले. पहिली शेंग पोवळीच्या आईने खोचली आणि तिला नाव दिलं. मग बाकीच्या आयांनी आपापल्या मुलांच्या नावाने खोचल्या. नवं वन दाट झालं. पुढे जेव्हा जेव्हा शंख वाजला, तेव्हा गावात कोणी घरात थांबलं नाही.

पोवळीची आई म्हातारी होईपर्यंत रोज त्या पहिल्या झाडापाशी जायची आणि त्याला नावाने हाक मारायची. झाड चांगलं उंच झालं होतं. पण ते काही ओ देत नसे.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे सगळ्यांनी राखायचं, त्याला सगळ्यांचे हात पहिल्या दिवसापासून लागू द्यावेत, आणि राखायची हाक आली की रुसून बसू नये.