तव्यावरची छिन्नी

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावी एक वृद्ध लोहार आणि त्याचा शिष्य काम करीत असत. शिष्य कामाला वाघ, पण स्वभावाने भलताच तापट. कोणी चूक दाखवली की भाता सोडून तरातरा निघून जाई. शिष्याने घडवलेली छिन्नी खाणीतल्या पाथरवटाने पसंत केली, की शिष्याला स्वतःची ऐरण द्यायची, अशी तिथली रीत होती. या ऐरणीवर त्याचा जीव जडला होता.

त्याने दोन छिन्न्या घडवल्या, लालबुंद तापवल्या आणि पाण्यात बुडवल्या. मग कानस लावून पाहिली. पोलाद इतके कडक झाले होते, की कानस नुसती घसरत होती. स्वारी खूश!

वृद्धाने त्यातली एक उचलली, घासून लखलखीत केली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भाकरीच्या तापल्या तव्यावर ठेवली.

"आता हिलाही पीठ लावून थापू का?" त्याच्या पत्नीने विचारले. वृद्ध खळखळून हसला.

शिष्य कळवळला. "बाबा, हे काय करताय? पाणी उतरेल तिचं, कडकपणा जाईल! माझी सगळी मेहनत वाया जाईल!"

धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढताच वृद्धाने छिन्नी खाली उतरवली. शिष्याने तव्यावर न गेलेली दुसरी गुपचूप कमरेला खोचली.

सकाळी वृद्ध तव्यावरची छिन्नी घेऊन त्याच्याबरोबर खाणीवर गेला, पण शिष्याने कमरेची छिन्नीच पाथरवटाच्या हाती दिली. दोन-तीन घावांतच तिचे टोक काचेसारखे उडाले.

"अरे, दगड फोडायला आणलीस की छिन्नी फोडायला?" पाथरवट ओरडला आणि एकच हशा पिकला.

शिष्याचा चेहरा लाल झाला. आता हा निघून जाणार, असे वृद्धाला वाटले. पण शिष्य क्षणभर थांबला आणि चक्क स्वतःच हसू लागला. वृद्धाच्या हातची छिन्नी पुढे करून तो म्हणाला, "दादा, माझंच चुकलं. बाबांनी तव्यावर ठेवलेली ही घ्या."

त्या छिन्नीने पाथरवट दुपारपर्यंत दगड फोडत राहिला. धार शाबूत होती. "अशाच अजून करून दे," तो म्हणाला.

परतताना वृद्ध म्हणाला, "पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण आतून ताणलेलं राहतं. मग त्याला हलकी ऊब द्यावी. थोडा कडकपणा जातो, पण घाव सोसण्याचं बळ येतं."

"पण बाबा, ती छिन्नी तर तुमची झाली. मला ऐरण कशी मिळणार?"

"घडवलीस तू, मी फक्त ऊब दिली. आणि आज चारचौघांत घाव तुझ्यावर पडला, तरी तू तुटला नाहीस. मी त्याचीच वाट पाहत होतो, पोरा. उद्यापासून ऐरण तुझी."

शिष्याने वाकून त्याचे पाय धरले.

आपण मुलांना शिस्तीने कडक करतो खरे. त्यानंतरची ऊब द्यायची मात्र राहून जाते.