डोळ्यांसमोरची गव्हाण

त्या राज्यात गवत उरलं नव्हतं. राजा हत्ती, आणि हत्तीला लागतो ऊस. म्हणून सगळं गायरान नांगरून तिथं ऊस लावला आणि भोवती कुंपण घातलं. रसाची साखर होऊन दरबारात जाई. मागं उरे ती मळी. ती फेकायची कुठं? मग भुशात कालवून गुरांच्या गव्हाणीत ओतायचे. गोड लागायची. गुरं खायची. दुसरं खायला होतंच काय?

गोडाचं व्हायचं तेच झालं. पोटं सुटली, खूर आतून तापायला लागले, पाय टेकवेना. उसाच्या चरकाला हौशा आणि पाखऱ्या ही बैलजोडी होती. त्यातला डावा, पाखऱ्या, एक दिवस कुंपणाजवळ खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. उजवा, हौशा, त्याच्याशेजारी उभा राहिला. तिथल्या जोडीच्या बैलांची रीतच अशी, की खायचं तेही जोडीनं. जुवाखाली जसे उभे असतात तसंच, एक डावीकडं, एक उजवीकडं. एकानं तोंड लावलं नाही तर दुसराही लावायचा नाही.

खाली बसणारी गुरं वाढली तशी दरबारात चर्चा झाली. ऊस कमी करा, असं कुणी म्हणालं नाही. मळी बंद करा, असंही नाही. राजाचा सल्लागार होता बगळा. गुरांच्या पाठीवर बसून किडे टिपता टिपता मोठा झालेला. तो एका पायावर उभा राहून म्हणाला, "महाराज, खोट मळीत नाही, गुरांच्या नजरेत आहे. जे समोर दिसतं त्यालाच जनावर तोंड लावतं. आपण सक्ती कुणावर करायची नाही. फक्त जागा जराशी सरकवायची."

हत्तीला हे फार पटलं. यात त्याचं उसाचं एक कांडंही कमी होत नव्हतं.

मग नवी गव्हाण आली. तिला हिरवा रंग दिला. आत लसूणघास टाकला. अख्ख्या कळपाला मिळून पेंढीभर. गव्हाण बसवली अगदी डोळ्यांच्या उंचीवर. डोळे कुणाचे? तर दरबारात राजाखेरीज चार पायांवर उभा असलेला त्याचा घोडा तेवढा होता, म्हणून त्याचे. मळीची गव्हाण खाली कोपऱ्यात सारली, मुद्दाम वाकावं लागेल अशी. वाटेवर चुन्यानं खुरांचे ठसे काढले. ते हिरव्या गव्हाणीकडे जायचे. एवढं करून बगळा झाडावर जाऊन बसला आणि बघू लागला.

उंच गुरांनी माना ताणून घास घास घेतला. शेळी चिमी उड्या मारमारून दमली.

म्हैस बनू म्हणाली, "काय गं चिमे, सकाळी सकाळी नाचतेस?"

"नाचत नाही मावशी," चिमी धापा टाकत म्हणाली. "निवड करतेय."

आणि खाली बसलेल्या पाखऱ्याच्या नजरेसमोर काय आलं? मळी. वर मान करून त्याला हिरव्या गव्हाणीचं बूड तेवढं दिसायचं.

हौशानं तोंडात लसूणघास धरला आणि तो पाखऱ्याकडं निघाला. तेवढ्यात बगळा खाली उतरला. "अरे, ठेव ते! तू आयतं नेऊन दिलंस तर ती त्याची निवड कशी व्हायची?"

"त्याला उठता येत नाही, महाराज," हौशा म्हणाला. बोलायला तोंड उघडलं आणि घास चिखलात पडला.

"हिरवी गव्हाण सगळ्यांना मोकळी आहे. कुणी अडवलंय का त्याला?" बगळा म्हणाला, आणि त्या घासावर पाय देऊन पुढं गेला.

दरबारात त्यानं सांगितलं, की गुरांच्या माना आता हिरव्याकडं वळतात. ते खोटं नव्हतं. माना वळतच होत्या. उपाशी जनावर मान वळवणारच. हत्तीनं त्याला तुरा दिला. बसलेल्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं. बगळा म्हणाला, "त्यांच्यासमोरही ठेवलं होतं. त्यांनी मळी निवडली." आणि ठरलं, की पौर्णिमेपर्यंत पाखऱ्या उठला नाही तर त्याला टेकडीपलीकडं न्यायचं. टेकडीपलीकडून आजवर कुणी परतलं नव्हतं.

हे ऐकून हौशा पाखऱ्याजवळ आला आणि कुंपणाच्या फटीतून बघत राहिला. पलीकडं उसाच्या बुडाशी हरळी उगवली होती. गायरान नांगरलं तरी तिची मुळं गेली नव्हती.

"पाखऱ्या, हरळी आहे रे."

"वास येतोय कधीपासून," पाखऱ्या म्हणाला. "उगाच नाव काढू नकोस."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, हौशानं खांबाला कपाळ लावलं आणि रेटायला लागला. खांब हलेना. कपाळावरची कातडी सोलली.

"एकट्याचं काम आहे का ते?" बनू मागून म्हणाली. "हो बाजूला थोडा." आणि तिनं आपला काळा खांदा कुंपणाला लावला. चिमी खुरांनी खांबाची माती उकरायला लागली. मग एकेक जनावर येत गेलं. ज्यांचे खूर पेटले होते तीही लंगडत आली. नुसते श्वास ऐकू येत होते.

बगळा धावत आला. "कुंपण मोडता?"

"मोडत नाही, महाराज," बनू खांदा न काढता म्हणाली. "सक्ती नाही कुणावर. फक्त जागा जराशी सरकवतोय."

सवयीनं बगळा बसायला पाठ शोधू लागला. पण एकही पाठ जाग्यावर नव्हती; सगळ्या रेटत होत्या. तो वरच्या वर पंख मारत राहिला. तुरा केव्हा गळून पडला, त्याला कळलं नाही.

कुंपण हातभर सरकलं. पाखऱ्यानं मान लांबवली. हरळी त्याच्या नाकासमोर होती, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यानं लगेच तोंड लावलं नाही, थांबला. हौशानं पुढचे गुडघे मोडले, मागचं अंग टेकलं, आणि उजव्या बाजूला, जुवाखाली असतो तसा, त्याला खेटून बसला. मग दोघांनी एकदम तोंड लावलं.