बाहेरून कुलूप, आत चूल

ऐका उंबरमाये, तुझी कहाणी. आटपाट नगर, नगरात विणकरांची आळी, आळीत सगुणा आणि तिचा नवरा नारबा राहत. त्यांनी पेढीचं कर्ज काढून घर बांधलं. घर पेढीकडे गहाण पडलं. माग चालले तोवर हप्ते गेले. मग सूत महागलं, माग थांबले, हप्ते थकले. पेढीचा माणूस दारी येऊन सांगून गेला, पुनवेला घराचा लिलाव.

तेव्हापासून नारबा दाराला बाहेरून कुलूप लावी आणि परसातून आत येई. आळीला वाटावं, मंडळी गावाला गेली. आत दोघं कुजबुजत जेवत. अब्रूचं सोंग असं असतं बायांनो, हसू नका, तुम्हीही केलं असतंत.

सगुणा चोरून पेढीवर गेली. मुदत द्या, हप्ता कमी करा, म्हणाली. पहिल्या खिडकीनं दुसरीवर धाडलं, दुसरीनं तिसरीवर, तिसरीनं पुन्हा पहिलीवर. जाते तो पहिली खिडकी बंद. एकदा असं झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. मग ती पेढीच्या पायरीवर बसून रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. बाई बाई, का रडतेस, म्हणाली. सगुणेनं सारं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी उंबरमाय. तुझ्या दारी तीनदा आले, कुलूप बघून परत गेले. आता वसा देते, तो उतू नको, मातू नको, टाकू नको. कुलूप काढावं. उंबरठा धुवावा, हळदकुंकू वाहावं. ज्या घराला बाहेरून कुलूप आणि आतून फोडणीचा वास, तिथं गूळखोबऱ्याचं वाण द्यावं. गाऱ्हाणं घेऊन एकटीनं जाऊ नये."

सगुणा घरी आली. नारबा म्हणाला, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "घरच गेलं तर कुलूप कशाला लावाल?" मग कुलूप निघालं.

मग वाण घेऊन ती आळीत निघाली. अंबूताईंच्या दाराला कुलूप, आत लसणाची फोडणी. भीमाक्काच्या दाराला कुलूप, आत भाकरी थापल्याचा आवाज. कोपऱ्यावरच्या यसूच्या दाराला कुलूप, आत लेकरू रडतंय. दर उंबऱ्यावर सगुणेनं वाण ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "माझं घर लिलावात निघालंय. तुमचं?" मग एकेक जण परसातून बाहेर आली. साऱ्यांची तीच पुनव, आणि जिला तिला वाटे, आपणच बुडालो.

मग चौघी मिळून पेढीवर गेल्या. सगुणा पहिल्या खिडकीवर, अंबूताई दुसरीवर, भीमाक्का तिसरीवर, यसू लेकरू घेऊन मालकाच्या दारात. पहिली खिडकी म्हणाली, दुसरीवर जा. सगुणा म्हणाली, तिथं अंबूताई आहेत. दुसरी म्हणाली, तिसरीवर जा. तिथं भीमाक्का आहे. तिसरी म्हणाली, पहिलीवर जा. तिथं सगुणा आहे. धाडायला जागाच उरली नाही. आवाज ऐकून मालक बाहेर आला. भीमाक्का म्हणाली, "चार घरं लिलावात काढाल, पण बंद मागांच्या आळीत घर घेणार कोण?" मालक विचारात पडला. माग सुरू होईपर्यंत व्याज थांबेल, मग अर्धा हप्ता द्या, म्हणाला. लिहून द्या, म्हणाल्या. त्यानं लिहून दिलं.

पुनव आली, लिलाव झाला नाही. म्हातारी आली तो साऱ्या आळीची दारं सताड उघडी. सगुणेनं तिला पाटावर बसवलं, पोटभर जेवू घातलं. म्हातारी म्हणाली, घर वाचलं, आता वशाचं उद्यापन कर. सगुणा म्हणाली, "माये, उद्यापन कसलं? पलीकडच्या आळीत दारांना कुलपं आहेत, आणि फोडणीचा वास येतोय." म्हातारी हसली. वाणाचं ताट तिनं स्वतः उचललं आणि पुढं चालू लागली.

जशी सगुणेच्या घरावरची जप्ती टळली, तशी तुमची आमची टळो. आज जी कुणी कुलपाआड बसून हे ऐकते आहे, तिच्या उंबऱ्यावर वाण पोचो. ही साठा हेलपाट्यांची कहाणी, पाचा बोलांत सुफळ झाली.