राघोच्या डोहावरचा कुकारा

हात आत घ्या, ताई. पाण्यात नको. आणि साहेब, तुम्ही मध्यावर बसा बघू, होडी एका अंगाला कलतेय. समोर पाणी काळं दिसायला लागलं ना, तो राघोचा डोह. इथून त्या वळणापर्यंत मी बांबू लावत नाही. हा उचलला आणि हा आडवा ठेवला. आता ओहोटी नेईल तसं जायचं. अर्धा तास लागेल, कधी जास्तही लागतो. तुम्हाला बसची घाई असेल, पण त्याला माझा इलाज नाही. या नदीवर फारसं कुणी येत नाही. जे येतात त्यांना मी हेच सांगतो. कुणी फारच कुरकुर केली तर वरच्या काठाला उतरवतो आणि म्हणतो, जा चालत.

मगरी? आहेत की. खोटं कशाला सांगू? गप्प बसलं तर काही करत नाहीत.

गोष्ट फार जुनी आहे. माझ्या पणजोबालाही ती ऐकूनच ठाऊक होती. खालच्या घाटावर राघो पड्याळ नावाचा भोई राहायचा. बायको लवकर गेली, मागं एकच लेक, भागीरथी. सगळे तिला भागी म्हणत. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या त्या दोन दिवस झाले तरी थांबेनात, आणि मूल काही येईना. शेजारच्या बायकांनी पोटावर हात फिरवून पाहिलं तर मूल आडवं. त्यातल्या एकीनं राघोला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, हे आमच्या हातचं नाही. वरच्या गावची आवडाबाई आणा. दिवस कलायच्या आत आणा, नाहीतर दोघंही हातची जातील."

आवडाबाई म्हणजे त्या वेळची नावाजलेली सुईण. तिनं हात लावला की मूल वळायचं, असं सांगतात. राघो भरतीवर होडी घेऊन वर गेला, तिला बसवलं आणि ओहोटी लागताच परत फिरला. बाई डोंगरावरची, पाण्याची तिला भारी धास्ती. दोन्ही हातांनी होडीची कड धरून, डोळे मिटून बसलेली.

भरदुपारी ती दोघं इथं पोचली. या डोहाचा तळ म्हणजे नुसता गाळ. बांबू जोरात टोचलात की गाळ तो धरून ठेवतो, सोडत नाही. आमच्यात होडी शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगतात. राघोनं स्वतः कितीजणांना सांगितली असेल! पण तिकडं लेक ओरडतेय, आणि इथं होडी हलतेय की नाही तेच कळेना. त्याला राहवलं नाही. त्यानं बांबू घातला आणि छाती लावून रेटला. होडी सुटली पुढं, बांबू राहिला गाळात. तेव्हा हात सोडायचे, एवढंच होतं हो! पण भोयाचा हात बांबूवरून सुटत नाही, सवयच तशी. होडी पायांखालून निघून गेली आणि राघो राहिला बांबूला लटकून.

तो घाबरला नाही म्हणे. वळणावरचं पाणी घाटाकडंच लोटतं, रिकामी होडीसुद्धा तिथं जाऊन लागते, हे त्याला माहीत होतं. त्यानं ओरडून सांगितलं, "आवडाबाई, हलू नका. नुसत्या बसून राहा, पाणी नेईल तुम्हाला."

एवढ्यात पलीकडच्या काठावरून मगर पाण्यात उतरली आणि होडीच्या मागं लागली.

होडी ही अशीच, बघताय ना, पाण्याच्या वर हातभर कड. आत एकटी बाई, आणि तिच्या धास्तीनं होडी डुचमळतेय. राघोपासून काठ वीस हातांवर होता. मगरीचं लक्ष होडीकडं, तेवढ्यात तो पोहून सहज बाहेर पडला असता. पण त्यानं काय करावं? दोन्ही पायांनी पाणी बडवायला सुरुवात केली. धपधप, धपधप. मगर थांबली, वळली, त्याच्याकडं यायला लागली.

"आवडाबाई," तो ओरडला, "वळणापलीकडचं मला दिसायचं नाही. घाटाला लागलात की कुकारा घाला. तोवर मी हिला इथं थोपवतो. कुकारा आला की सोडतो."

कुकारा म्हणजे आमच्याकडची लांब हाक. डोंगरापलीकडच्या माणसाला ऐकू जाते.

होडी घाटाला लागली. बायका वाटच बघत होत्या. त्यांनी आवडाबाईला अक्षरशः उचललं आणि धावत घरात नेलं. भागीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. ते बघितल्यावर त्या बाईला दुसरं काही सुचलं नाही, आणि कुणाला सुचलं असतं? ती जी बसली ती उठलीच नाही. बोटाबोटानं तिनं मूल वळवलं. बापाबद्दल कुणी विचारलं नाही. तो होडी बांधतोय, असंच सगळे समजले.

इकडं वरच्या रानात एक बाई ढोरं राखत होती. तिनं सगळं पाहिलं म्हणे. होडी कधीच दिसेनाशी झाली, तरी राघो पाणी बडवतोय. थकतो, थांबतो, वळणाकडं कान देतो, पुन्हा बडवतो. तो नुसता गप्प राहिला असता तरी मगर निघून गेली असती. पण होडी पोचली की नाही हे त्याला सांगणार कोण?

दिवस कलता कलता मूल रडलं. मुलगा. भागीनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "बाबांना सांगितलंत?"

आवडाबाईचे हात तिथंच थांबले. ती तशीच, रक्ताच्या हातांनी, घाटावर पळत आली आणि छाती फुटेस्तोवर कुकारा घातला. एक घातला, दहा घातले. वरून काही आलं नाही. माणसं होडी घेऊन गेली तेव्हा बांबू तसाच उभा होता.

भागीनं तिला कधी दोष दिला नाही. तेच आवडाबाईला सोसलं नाही, असं सांगतात. ती आपल्या गावी परत गेलीच नाही. घाटावर झोपडी बांधली, आणि मरेपर्यंत येणाऱ्या प्रत्येक होडीचा कुकारा तिनं घातला.

आजही घाटाला होडी लागली की आधी बाई उतरते, आणि वर तोंड करून कुकारा घालते, "पोचलो हो राघोबा, सोडा आता!" बाप्यानं घातलेला चालत नाही. आज होडीत बाई तुम्हीच आहात, ताई. लाजू नका. बारीक आवाज नको, वळण ओलांडून गेला पाहिजे. आणि घातला की लगेच घाट चढायचा नाही, जरा थांबून ऐकायचं. काही ऐकू आलं नाही तर बरं.

काय म्हणता? धपधप ऐकू आली तर?

तर पुन्हा घालायचा, ताई. थांबेपर्यंत घालायचा.