कनगीतली नावं

एका राज्यात राजा व्हता, दरबार व्हता, आन् दरबारात एक बी बाई नव्हती. कायदा असा, की दारात आपलं जन्माचं नाव सांगायचं, मगच आत बसायचं, मगच न्याय मागायचा. आन् लग्न झालेल्या बायांना आपलं नावच ठावं नव्हतं.

त्याला कारन एक मांत्रिक. लग्नात ताटभर तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात न्हवं? तिथं बी तीच चाल. पर मंत्र असा, की नवं लिहिलं की जुनं नाव दाना होऊन उडायचं आन् डोंगरापल्याड मांत्रिकाच्या दाने साठवायच्या कनगीत पडायचं. त्या नावांवर तो तीनशे वर्सं जगला, मुडदा. हिकडं बाई दरसाली थोडी थोडी पुसट व्हायची. राबायची, रांधायची, आन् एक दिवस चुलीम्होरं नुसतं लुगडं उरायचं. बाप्ये म्हनायचे, बायकांचं असंच असतंय. थोबाड फोडावं अशांचं.

त्या राज्यात गोजरा नावाची पोरगी व्हती. अजून बिनलग्नाची, म्हनून नाव शाबूत. तिच्या आईला सासरी अनुसया म्हनत. एका सकाळी आई भाकरी थापाय बसली, आन् गोजराला आईच्या तळहातातनं खालचं पीठ दिसलं.

"आई, हात."

"दिसतंय मला. तू जेव आदी."

"मी तुजं नाव आनते."

"तुजी पनजी बी हेच म्हनाली व्हती, बाळा. न्हाई आली परत."

"मग मी तिच्या म्होरं जाते."

आईनं अडवलं न्हाई. भाकरी बांधून दिली आन् पोरीच्या केसांवरनं हात फिरवला. हात लागला न्हाई, ऊब तेवढी लागली.

अंगनात टिटवी बसली व्हती. ती बोलायची. म्हनाली, "घरातला पाटा घे."

"जड हाय."

"म्हनूनच घे."

डोईवर पाटा, संगट टिटवी, असं चार दिस चालल्यावर काळी नदी लागली. त्या पान्यात बोट घातलं तर हाड उरायचं. पर नदीत पूल व्हता. पाट्यांचा, जात्यांचा, उखळांचा.

"ह्यो कुनी बांधला?"

"तुज्या आदी आलेल्या बायांनी," टिटवी म्हनाली. "हरेकीनं घरचा एकेक धोंडा टाकला. बिननावाच्या त्या, इथंच पुसून गेल्या. शेवटून तिसरा पाटा तुज्या पनजीचा."

पल्याडचा काठ एका पावलावर राह्यला व्हता. गोजरा दर धोंड्याला हात लावून, पाया पडल्यागत, म्होरं गेली. पनजीच्या पाट्यावर घडीभर बसली. मग आपला पाटा टाकला आन् नदी वलांडली.

म्होरं मांत्रिकाच्या गडाचं दार. दारात दगडी वाघ. वाघ म्हनाला, "कुनाची गं तू? बापाचं नाव सांग, न्हाईतर नवऱ्याचं."

"मी गोजरा."

"कुनाची, ते इचारलं."

"गोजरा. तेवढं पुरतं. दार सोड, माजी आई संपत चाललीय."

वाघाशी असं कुनी बोललं नव्हतं. त्यानं दार सोडलं.

आत ताडाएवढी कनगी, शेनानं लिपलेली. वर तोंडाशी मांत्रिक शिडी लावून बसलेला. म्हनाला, "एकच दाना ने. वळखून. चुकलीस तर तुजं बी नाव माजं."

गोजरा शिडी चढली, आन् मूठमूठ दाने कानाशी धरू लागली. हरेक दान्यातनं कुनाची तरी आय कुनाला तरी जेवाय बोलवत व्हती. सांजच्याला एक हाक आली, वळखीच्या सुरातली. "नकुशे, ये गं, दूध निवलंय."

आई गोजराला अशाच सुरात बोलवायची; ही आईच्या आयची हाक. नकुशा. पाचवी बी पोरगीच झाली, म्हनून ठेवलेलं नाव.

मांत्रिक हसला. "मी उपकारच केले तिच्यावर. टाक ते. शेजारचा दाना घे, राजसा म्हनून हाय. गोड नाव."

"ते दुसऱ्या कुनाच्या आईचं हाय," गोजरा म्हनाली, आन् आपला दाना पदराला बांधला.

ती उतरली. मांत्रिकाला वाटलं, निगाली. ती बसली कनगीच्या बुडाशी. कनगी भरतात वरनं, पर दाना काढतात बुडातनं. तिथं भोक असतंय, भोकात चिंध्यांचा बोळा. घरातल्या शेंबड्या पोरीला बी हे ठावं असतंय. मांत्रिकानं जन्मात भात शिजवला नव्हता. तीनशे वर्सं वरचं तोंड राखत बसला, येडा. गोजरानं बोळा उपसला.

नावं धो धो वाह्यली. टिटवीनं हाळी दिली, आभाळभर पाखरं आली, एकेक दाना चोचीत धरून जिचा तिच्या घरी निगाली. वर मांत्रिक पुसट झाला, आन् नुसती शिडी उरली.

गोजरा घरी पोचली तवा आई खांद्यापत्तोर पुसली व्हती. गोजरानं दाना तिच्या जिभंवर ठेवला आन् तोंड फिरवलं. "आई, नाव चांगलं न्हाई गं."

आईनं दाना चावला. खांदा आला, मनगट आलं, काकनं वाजली.

"नकुशा," ती सावकाश म्हनाली. "व्हय. बाप म्हनायचा दारातनं. आय म्हनायची मांडीवर घेऊन."

"बदलून घेऊ आपन."

"बदलायचं का ठेवायचं, ते मी बघीन. आजवर दुसऱ्यांनीच बघितलंय."

आन् तिनं लेकीला जवळ वढलं. ह्या खेपंला हात लागला.

दुसऱ्या दिशी राज्यातल्या बाया दरबाराच्या दारात. म्होरं आई. भालदारानं नाव इचारलं.

"नकुशा," आई मोठ्यानं म्हनाली.

भालदार फिसकन हसला. "म्हंजे कुनाला नको असलेली?"

"व्हय. बसाय आलीय. सरक."

तो सरकला. दिसभर बाया आत जात राह्यल्या. दिस कलला तवा राजा सिंहासन सोडून पायरीवर बसला, कारन बसाय जागाच उरली नव्हती. तिथनं त्याला समद्यांची तोंडं नीट दिसली, आन् पयला न्याय त्यानं पायरीवरनं दिला.

माजी गोष्ट सांगून झाली. आता घरी जा, आन् आईला इचारा, लहानपनी तुला काय म्हनायचे गं.