नगरशेठचे कान

चंपावती नगरीच्या नगरशेठाने गल्लोगल्ली माणसं पेरली होती. ती घरोघरचं बोलणं चोरून ऐकत, आणि ज्याला जे लागेल ते विकायला शेठचे फेरीवाले दारात हजर होत.

म्हाळसाच्या सासऱ्यांचं दुखणं बरं होणारं नव्हतं. वैद्यांनी ते तिला एकटीलाच, हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिरडीचे बांबू विकणारा थेट सासऱ्यांपुढेच येऊन उभा राहिला. म्हातारा काय समजायचं ते समजला.

म्हाळसाने दरबारात दाद मागितली.

नगरशेठ म्हणाला, “आम्ही लोकांची सोयच करतो. ज्याने पाप केलं नाही, त्याला लपवायचं काय कारण?”

“शेठजी, अंघोळीला बसताना तुम्ही दार लावून घेता,” म्हाळसा म्हणाली. “तेव्हा कुठलं पाप करत असता?”

शेठ पागोटं चाचपत राहिला. राजाने त्याच दिवशी त्याची माणसं हटवली.