राणी मदयंती आणि धबधब्यावरची अस्वले

एका राज्यात राजाचे अस्वल झाले. ते होताना ही गोष्ट सांगणारीने पाहिलेले नाही. पाहणारे तिघेच होते: नदीची राखणदारीण तमालिनी, एक रुपेरी मासा आणि स्वतः राजा कुवलय. मासा मेला, राजा त्या सकाळीविषयी कधी बोलला नाही, आणि तमालिनी मांत्रिक असली तरी खोटे बोलत नसे. तेव्हा तिचेच सांगणे प्रमाण मानणे भाग आहे.

त्या नदीचा रिवाज असा, की गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासा धरावा, आणि दिवसाचा पहिला मासा नदीला परत द्यावा. राजाने हा रिवाज वीस वर्षे पाळला. एका सकाळी मात्र त्याने पहिलाच मासा ओल्या गवतात गुंडाळून घेतला, कारण आदल्या संध्याकाळी राणी मदयंती म्हणाली होती, "रुपेरी मासा कसा असतो, एकदा आम्हांलाही दाखवा ना."

राजा परतला नाही. समुद्राकडून चढून येणारे मासे त्या दिवसापासून धबधब्याशी अडले. वरच्या खोऱ्यातली तळी ओस पडली, आणि अडलेल्या माशांवर अस्वलांचा मेळा जमू लागला.

सहा वर्षे राणीने राज्य सांभाळले आणि वाट पाहिली. सातव्या वर्षी ती पायी नदीवर आली.

"तुझा राजा त्या अस्वलांतच आहे," तमालिनी म्हणाली. "तीन कामे कर. चुकलीस, तर तो कायमचा तिथलाच."

"पहिले काम सांगा, माते."

"उडत्या माश्या टिपणारी पाकोळीही फसेल अशी माशी बांध."

राणीने खंड्या पक्ष्याकडे एक निळे पीस मागितले.

"राण्या पिसे मागू लागल्या, की आम्ही आधी मान सांभाळतो," खंड्या म्हणाला. पण पीस त्याने दिले. राणीने ते स्वतःच्या केसाने गळावर बांधले. अकरा माश्यांकडे पाकोळीने पाहिलेही नाही. बाराव्या माशीवर ती झेपावली, आणि फसगत कळताच राणीला चार शब्द सुनावून निघून गेली.

दुसरे काम होते त्या माशीने मासा धरून तो जिवंत सोडण्याचे. तिसऱ्या दिवशी मासा लागला. राणीने घाईने गळ काढला आणि मासा पाण्यात टाकला. तो पोट वर करून तरंगू लागला.

"टाकू नका, राणीसाहेब," फांदीवरून खंड्या म्हणाला. "झुंजून दमला आहे तो. दोन्ही हातांत धरा, तोंड प्रवाहाकडे करा. श्वास आला की त्याचा तो जाईल. तुमच्या घाईने कोणी श्वास घेत नाही."

राणी गुडघाभर गार पाण्यात उभी राहिली. तळव्यांमध्ये कल्ले हलू लागले, एकदा, मग पुन्हा. मग मासा गेला. रिकाम्या झालेल्या हातांकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

तिसरे काम होते धबधब्यावरच्या लाकडी माचावरून अस्वलांतला राजा ओळखण्याचे. हाक मारायची नाही. एकदाच बोट दाखवायचे.

राणीने बारा दिवस अस्वले पाहिली. एक म्हातारे अस्वल कड्यावर उभे राहून उडी घेणाऱ्या माशापुढे नुसता जबडा उघडे. एक तरुण अस्वल दुसऱ्यांची शिकार पळवी. त्यांतल्या कोणाच्या तरी नजरेत ओळख दिसावी म्हणून तिचे डोळे दुखून आले. एक तपकिरी, थोराड अस्वल रोज माचाखाली येऊन तिच्याकडे टक लावून पाही. तिचे बोट उचलले गेले.

"ते तुमच्या टोपलीतल्या मधाकडे पाहते आहे," खंड्या म्हणाला.

बोट खाली आले. तेव्हा तिच्या ध्यानात आले, की आपण राजाला शोधत नाही. आपल्याला शोधणारे कोणी आहे का, ते शोधत आहोत. मग तिने नजरा पाहणे सोडले आणि पंजे पाहू लागली.

तेराव्या सकाळी खालच्या डोहात एका हडकुळ्या अस्वलाने मासा धरला. त्याने तो खाल्ला नाही. दोन्ही पंजांत धरून, तोंड प्रवाहाकडे करून, ते थांबले. मासा निघून गेल्यावरच त्याने दुसरा धरला.

राणीने बोट दाखवले.

डोहात कमरेइतक्या पाण्यात राजा कुवलय उभा होता. त्याच क्षणी पहिला रुपेरी मासा धबधबा ओलांडून वर गेला, त्यामागे शेकडो. वरच्या खोऱ्यातल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत होड्या बाहेर काढल्या.

राणीने आपली शाल राजाच्या खांद्यांवर घातली. "तेरा दिवस आम्ही इथे होतो. आपण एकदाही वर पाहिले नाही."

"पाहिले असते तर ओळखले असते," राजा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "ओळखले असते, तर अस्वल राहणे जमले नसते. सात वर्षे तेवढेच एक काम होते."

"आमच्या हट्टापायी झाले हे सारे."

"मासा दाखवायचा राहिलाच," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून काठावर आला.

तिथे त्याने एकदा मागे वळून पाहिले. पलीकडच्या काठावर एक अस्वलीण उभी होती. तिच्या पायांशी एक पिल्लू. राणीने विचारले नाही, राजाने सांगितले नाही. ती राजाची कोण, हे तमालिनीलाही पुढे अनेकांनी विचारले. त्या एकाच प्रश्नावर ती गप्प राहिली. अस्वलीण सूर्य मावळेपर्यंत तिथून हलली नाही, आणि मासे पायांशी उसळत असताना तिने एकही धरला नाही.